रोमच्या फोरममधलं जुनं कोर्ट: बॅसिलिका ज्युलिया

बॅसिलिका म्हटलं की आपल्याला जुन्या गोव्यातलं बॉम जीझसच आठवतं, मला पण तेच माहीत होतं. रोमला फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, फिरताना कळलं की हा शब्द चर्चच्या कितीतरी आधीचा आहे, बॅसिलिका म्हणजे मुळात गावाचा मोठा हॉल, कोर्टकचेरी, पैशांचे व्यवहार सगळं एका छपराखाली, आणि चौथ्या शतकात ख्रिश्चनांनी मोठी चर्च बांधायला घेतली तेव्हा हाच नमुना उचलला.

बॅसिलिका ज्युलियाचं आज फारसं उरलेलं नाही. सॅटर्न आणि कॅस्टरच्या देवळांच्या मधे एक लांबलचक जोतं, पायऱ्या आणि खांबांचे बुंधे. बरेच जण न थांबता पुढे जात होते, मी मात्र तासभर तिथेच रेंगाळले. लांबी साधारण 101 मीटर, रुंदी 49. काम ज्युलियस सीझरने काढलं, पुरं केलं पहिला रोमन सम्राट ऑगस्टसने. मधे उंच हॉल आणि चारी बाजूंनी देवळाला असतात तशा ओवऱ्या, पण दुमजली.

वारसाहक्काचे खटले इथे चालायचे आणि एकाच हॉलमध्ये एका वेळी चार-चार कोर्टं भरायची, किती गलका होत असेल! ट्राकालस नावाच्या वकिलाचा आवाज म्हणे असा खणखणीत की एकदा तो एका कोर्टात बोलत होता आणि चारही कोर्टांतून त्याला दाद मिळाली.

मला सगळ्यात भिडली ती आत्तिया विरिओलाची केस. तिचे वडील ऐंशी वर्षांचे, प्रेमात पडून नवी बायको घरी आणली आणि अकरा दिवसांच्या आत पोरीला वारसाहक्कातून बाद केलं. ती गप्प बसली नाही, कोर्टात गेली. तिचा वकील होता रोमन लेखक धाकटा प्लिनी, त्याने पत्रात सगळं लिहून ठेवलंय, चारही कोर्टं या एका केससाठी एकत्र बसलेली, समोर 180 न्यायाधीश, वरच्या मजल्यावरून बायका आणि पुरुष दोघंही वाकून बघतायत, दिसतंय नीट पण ऐकू येत नाहीये. दोन कोर्टांनी तिच्या बाजूने निकाल दिला, दोघांनी विरुद्ध. सावत्र आईचा वाटा मात्र गेला. त्या वरच्या मजल्याचा आता एक दगडही जागेवर नाही, तरी मी सारखी वरच बघत होते.

निघताना पायऱ्या नीट बघा. संगमरवरावर चौकोन आणि गोल खरवडलेले दिसतात, ते खेळायचे पट आहेत. आत केस चालू असताना बाहेर ताटकळणाऱ्यांनीच ते काढले असतील असं मला वाटतं. काही रेघा अजून इतक्या स्पष्ट आहेत की सोंगट्या मांडून लगेच डाव सुरू करता येईल.