पिशवीतली शिट्टी

वारीला निघताना मी पिशवीत शिट्टी टाकली होती. आता सांगायला लाज वाटते. चाकणच्या एका कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर. दीडशे माणसांची दिंडी वेळेवर हलवायची तर कुणीतरी खमक्या लागणार आणि तो मीच, ही माझी समजूत. दिंडीची भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, भरली तेव्हाच मनातल्या मनात चार्ज घेतला होता म्हणा ना.

आमची दिंडी माउलींच्या रथामागची. पुणे ते सासवड हा टप्पा तीसेक किलोमीटरचा, त्यात दिवेघाट. सासवडच्या मुक्कामात पायांची दुखणी वर आली. जेजुरीला निघायच्या पहाटे, बरोबर तीनला, मी तंबूच्या तोंडाशी उभा राहून शिट्टी फुंकली. दोन-तीन म्हाताऱ्या दचकून उठल्या. ‘पोलीस आलं का काय गं?’ असं एकीनं विचारलं. बाकीच्यांनी कूस बदलली.

तेव्हा तात्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. ते दिंडीचे चालक नाहीत, विणेकरी नाहीत, हिशोबाची वहीही त्यांच्याकडे नाही. वय सत्तरीच्या पुढं, गावाकडं दोन-अडीच एकर कोरडवाहू. त्यांची वळकटी कधीच बांधून झाली होती. जो सगळ्यात गाढ झोपला होता त्याच्या उशाशी ते जाऊन बसले, त्याच्या सतरंजीची मोकळी कड हळूच गुंडाळायला लागले. तोंडानं नुसतं ‘रामकृष्णहरी’. गडी डोळे चोळत उठला, ‘तात्या, राहू द्या हो, मी करतो’ म्हणाला. तात्या पुढच्याकडे. पंधरा मिनिटांत तंबू रिकामा. मी शिट्टी खिशात घालून बॅटरी शोधायचं नाटक करत होतो.

दिंडीत मान कुणाचा, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. विण्याचंच बघा. तो खाली ठेवायचा नसतो. एकाच्या गळ्यातून निघाला की दुसऱ्याच्या गळ्यात. जेजुरीच्या वाटेवर एका बावीस वर्षांच्या पोरानं तो घेतला. त्याच पोराला चालकांनी सकाळी, ट्रक वेळेवर न भरल्याबद्दल, सगळ्यांसमोर झाडलं होतं. आता तेच चालक वाकले आणि त्याच्या पाया पडले. पोरगंही त्यांच्या पाया पडलं आणि अभंग सुरू झाला. मला मात्र बराच वेळ काही सुचेना. मी झाडलेल्या माणसांच्या साधं शेजारी बसून कधी चहासुद्धा घेतलेला नाही.

नीरेचं स्नान झालं, लोणंदला तळ पडला. तिथं आमच्या जागेत शेजारच्या दिंडीचा ट्रक घुसलेला. पोरं तापली. संध्याकाळी समाज आरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमल्या. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी चोप, म्हणजे हातातली काठी, वर केला, ‘होऽऽ’ अशी आरोळी दिली आणि हजारो टाळ एका दमात थांबले. फक्त आमचे वाजत राहिले. ज्याची तक्रार असेल त्यानं टाळ थांबवायचा नाही, ही इथली रीत. एवढ्या शांततेत आपलेच टाळ ऐकू येतात तेव्हा तक्रार खरी असली तरी कानशिलं तापतात. चोपदार चालत आमच्यापाशी आले, ऐकून घेतलं, शेजाऱ्यांना दोन शब्द सांगितले. टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्याची यादी, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ, आरती. शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी १८३२च्या सुमारास या सोहळ्याला वळण लावलं, असं सांगतात. लष्करी शिस्त दिसतेच, पण चोपदारांनी हातातल्या त्या काठीनं कुणाला मारलेलं मी पाहिलं नाही.

ट्रक काढायला गेले तर मागचं चाक चिखलात रुतलेलं. आमची पोरं हाताची घडी घालून मजा बघत उभी. मला आमची बाजू बरोबर वाटत होती, म्हणून मीही. तात्या धोतर खोचून गेले आणि एक-एक दगड उचलून चाकाखाली सारायला लागले. आमच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिसऱ्या दगडाला एक पोरगा गेला, मग दोघं, मग मी. ट्रक निघाला तेव्हा चिखल सगळ्यांच्या तोंडावर सारखाच उडाला होता. रात्री शेजाऱ्यांकडून पिठल्याचं पातेलं आलं.

फलटणच्या पुढं तात्यांचा घोटा सुजला. चालायचे, पण पहाटे उठून उभं राहायलाच त्यांना वेळ लागायचा. नातेपुत्याच्या मुक्कामात मला आपोआप जाग आली. अंधारात चाचपडत मी त्या झोपाळू गड्याच्या उशाशी बसलो, सतरंजीची कड हाताला लागली.

‘उठतो, तात्या,’ तो डोळे मिटूनच म्हणाला.

मी तात्या नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. पुढच्याकडे सरकलो.