'असते' दोनदा, 'वुड हॅव' एकदाच

नोकरीच्या पहिल्या वर्षी ग्राहकाला पाठवायच्या एका पत्राच्या मसुद्यात मी 'इफ यू वुड हॅव इन्फॉर्म्ड अस अर्लिअर, वी वुड हॅव चेंज्ड द डेट' असे वाक्य लिहिले होते. साहेबांनी पहिल्या 'वुड हॅव'वर तांबडी रेघ मारली, वर 'हॅड' एवढेच लिहिले आणि कागद परत पाठवला. दुसऱ्या 'वुड हॅव'ला त्यांनी हातही लावला नव्हता, त्यामुळे एकच शब्दजोडी एका ठिकाणी चूक आणि दुसऱ्या ठिकाणी बरोबर कशी, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नाही.

ते सुटले मराठीमुळे. 'तुम्ही आधी कळवले असते, तर आम्ही तारीख बदलली असती' या वाक्यात अट आणि परिणाम या दोन्ही अंगांना आपण संकेतार्थाचे तेच रूप लावतो. लिंग-वचनाप्रमाणे 'असता, असती, असते' एवढाच काय तो बदल होतो. हा तोल कानात इतका मुरलेला असतो की इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' आपोआप येते. इंग्रजीला मात्र हा तोल मान्य नाही. अटीच्या अंगाला 'हॅड' आणि क्रियापदाचे तिसरे रूप, तर परिणामाच्या अंगाला 'वुड हॅव' आणि तिसरे रूप, अशी तिची वाटणी आहे. (बोलताना कित्येक अमेरिकन माणसेही माझ्यासारखेच वाक्य बोलतात, पण काळजीपूर्वक लिहिलेल्या इंग्रजीत ते चालत नाही.)

खरी अडचण याहून पुढची आहे. 'माझ्याकडे पैसे असते, तर मी ते घर घेतले असते' हे वाक्य आजच्या रिकाम्या खिशाबद्दलही असू शकते आणि दहा वर्षांपूर्वी हातून गेलेल्या घराबद्दलही. मराठीत ते संदर्भावरून कळते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला आधी काळ ठरवावाच लागतो. गोष्ट आजची असेल तर 'इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय दॅट हाउस', आणि संधी निघून गेली असेल तर 'इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट दॅट हाउस'. तो जोडीने आलेला 'हॅड हॅड' मला पूर्वी छपाईची चूक वाटत असे.

केवळ सूत्र पाठ केलेला माणूस पुढे आणखी एका जागी फसतो. 'मी ती नोकरी सोडली नसती, तर आज पुण्यात असतो' यात अट कालची आणि परिणाम आजचा आहे, म्हणून इंग्रजीत 'इफ आय हॅडन्ट लेफ्ट दॅट जॉब, आय वुड बी इन पुणे नाउ' असे म्हणतात. येथे 'वुड हॅव बीन'ही कधी कधी वापरतात, पण आजच्या परिणामासाठी 'वुड बी' हेच सरळ रूप आहे.

औपचारिक पत्रात मी आता 'इफ' गाळून 'हॅड यू इन्फॉर्म्ड अस अर्लिअर' असे लिहितो. हे रूप थोडे जुन्या वळणाचे आहे, पण वाक्याचा आरंभच 'हॅड'ने होत असल्यामुळे तेथे 'वुड' शिरायला जागा उरत नाही, आणि चुकून शिरलाच तर वाक्याचा सरळ प्रश्न होऊन ती चूक माझी मलाच दिसते.