ठिपक्यांची रांगोळी

मे महिन्यातली सोलापूरची दुपार. खिडक्या लावलेल्या, कूलर नुसता खडखडतोय, आणि कॉम्प्युटर क्लासमधल्या प्रत्येक मॉनिटरवर, वर्डमध्ये, तोच अर्ज : प्रति, मा. मुख्याध्यापक. वर मधोमध ॥ श्री ॥, उजव्या कोपऱ्यात दिनांक, खाली ठळक 'विषय'. बघायला छान. पण छुप्या खुणा दाखवणारं कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं की झाकली मूठ उघडते. श्रीच्या आधी ठिपके, दिनांकाच्या आधी त्याहून जास्त ठिपके. एकेक ठिपका म्हणजे स्पेसबारवरचा एकेक दणका. रेघा जोडायच्या राहून गेलेली रांगोळीच ती!

ही सवय पोरांची नाही, आधीच्या पिढीची आहे. टाइपरायटरवर मथळा मध्ये आणायचा तर गाडी, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, कागदाच्या मध्यावर न्यायची, मथळा व्यापेल त्यातल्या दर दोन घरांमागे एकदा बॅकस्पेस मारायचा आणि तिथून टाइप करायचं. हिशेब चोख, कारण तिथे गाडी सरकली की दर वेळी सारखीच सरकायची. वर्डमध्ये 'र' अंग चोरून बसतो आणि 'ज्ञ' ऐसपैस पसरतो. मोजून मारलेल्या स्पेसना तिथे काडीचा अर्थ नाही.

पटत नसेल तर कंट्रोल-ए करून सगळा मजकूर निवडावा आणि अक्षरांचा १२ चा आकार १४ करावा. श्री उजवीकडे सरकतो आणि दिनांक घसरून खालच्या ओळीत येतो, कारण अक्षरांबरोबर मोकळ्या जागाही फुगल्या. श्रीला मधोमध आणायला कंट्रोल-ई पुरतं. दिनांक एकटाच ओळीत असेल तर उजवीकडे न्यायला कंट्रोल-आर. पण डावीकडे जावक क्रमांक आणि त्याच ओळीत उजवीकडे दिनांक हवा असेल, तर वरची मापाची पट्टी (रूलर) दिसायला हवी. तिच्या डाव्या टोकाच्या चौकोनावर क्लिक करत राहायचं, उलटा एल आला की थांबायचं, उजव्या समासाच्या किंचित अलीकडे पट्टीवर क्लिक करायचं, आणि दोन मजकुरांच्या मध्ये टॅब एकदाच. एकदाच! दुसऱ्यांदा दाबला की दिनांक परत भरकटला.

मुलं सगळ्यात जास्त अडतात ती वेगळ्याच जागी. एका शब्दाहून जास्त काही ठळक करायचं तर आधी मजकूर सिलेक्ट करावा लागतो. मधोमध आणायचं तर कर्सर त्या परिच्छेदात कुठेही असला तरी चालतो. कारण ठळकपणा अक्षराचा असतो आणि जागा परिच्छेदाची. म्हणून तर केलेली सजावट पुसायच्या कळाही दोन : अक्षरांसाठी कंट्रोल-स्पेस, परिच्छेदासाठी कंट्रोल-क्यू. ओळ तोडायला शिफ्ट-एंटर मारला तर परिच्छेद तोच राहतो. अशा वेळी दोन्ही कडा सारख्या करायला कंट्रोल-जे दाबलं, की 'मा. मुख्याध्यापक' हे दोन शब्द एसटीच्या रिकाम्या बाकावर दोन टोकांना बसलेल्या प्रवाशांसारखे दिसतात.

या गावात हे समजावणं खरं तर सोपं जावं. चादरीवरचं नक्षीकाम वरून रंगवलेलं नसतं. जॅकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या पुठ्ठ्यांना पाडलेली भोकं ठरवतात की कुठला उभा धागा कधी उचलायचा; नक्षी विणीतच येते, आणि चादर उलटी केली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल करून दिसते. वर्डमधली 'हेडिंग १' ही स्टाइल म्हणजे तसला पुठ्ठा. एका जागी बदलली की तीस पानांतले सगळे मथळे बदलतात. एकेक मथळा हाताने ठळक करत बसणं म्हणजे विणून झालेल्या चादरीवर ब्रश फिरवणं. तरी पोरांना ब्रशच आवडतो. त्यात चौकाचौकांतल्या फ्लेक्सचे संस्कार. पिवळ्या अक्षराला लाल कड आणि मागे सावली दिल्याशिवाय मथळा झाल्यासारखा वाटत नाही.

मराठीची दुखणी आणखी निराळी. कंट्रोल-डी च्या खिडकीत फाँटचे दोन कप्पे असतात. मराठीचा फाँट 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'च्या कप्प्यात बदलायचा. लॅटिनच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या, कप्प्यात कितीही फाँट फिरवा, मराठी ढिम्म हलत नाही. ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' करून कमी ठेवलं तर वेलांट्या आणि रफार कापले जातात, तिथे 'ॲट लीस्ट' बरं. तिरकं अक्षर इंग्रजीला शोभतं, देवनागरी तिरकी केली की पडायला आल्यासारखी दिसते. आणि अधोरेखित? 'सोलापूर' एकदा अधोरेखित करून पाहा. पूच्या दीर्घ उकारातून रेघ आरपार. माझं मत विचाराल तर मराठीत ठळक पुरे, बाकी बटणांना हात लावू नये. पण अधोरेखिताचं यू बटण ठळकाच्या बी च्या इतकं जवळ आहे की बोट जातंच.

नवं पान हवं म्हणून एंटर दाबत सुटणाऱ्यांबद्दल लिहायचं होतं. कंट्रोल-एंटर, एवढंच.

शेवटी प्रिंट निघते. कागदावर ना ठिपके दिसतात ना टॅब. स्पेसने मधोमध आणलेला श्री आणि कंट्रोल-ई ने आणलेला श्री शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते मलाही सांगता येणार नाही. मग अर्ज खिडकीवर जातो, आतला माणूस न बघता आवकचा शिक्का उचलतो आणि नेमका श्रीवर मारतो. तोही तिरका.