जुन्या वेबलीला छर्रे शोधताना: माझा अनुभव

अजून राग गेला नाहीये म्हणून लिहायला बसलोय. "पॉइंट टू टू (.२२ इंची बोअर) म्हणजे पॉइंट टू टू, छर्ऱ्यांचे सगळे डबे सारखेच" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ज्याच्याकडे जुनी ब्रिटिश एअर रायफल आहे त्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावंसं वाटतं, हे खरं नाही, ऐकू नका.

मी इंग्लंडात मिडलंड्समध्ये राहतो. माझ्याकडे वेबली मार्क ३ आहे, .२२ ची. बर्मिंगहॅमच्या वेबली अँड स्कॉटने ही रायफल १९४७ पासून १९७५ पर्यंत बनवली, सगळं स्टील आणि अक्रोडाचं लाकूड, हातात घेतली की कळतं काय चीज आहे ते. ती मिळणं, नवीन स्प्रिंग आणि वॉशर बसवून घेणं, क्लबमध्ये जागा मिळणं, हे सगळं बिनबोभाट झालं. अडलं ते छर्ऱ्यांवर.

मुळात भानगड अशी आहे. ०.२२ इंच म्हणजे हिशोबाने ५.५९ मिलिमीटर. जुन्या ब्रिटिश नळ्या बऱ्याचदा याच मापाच्या आसपास असायच्या आणि इथले जुने छर्रे, म्हणजे एली कंपनीचे वास्प वगैरे, ५.६ मध्ये मिळायचे. जर्मनी आणि बाकी युरोपात मात्र हाच बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ५.५ धरतात, आणि आज बाजारात जे येतं ते जवळजवळ सगळं ५.५ चं. डब्यावर .२२ दोघांच्याही. एक दशांश मिलिमीटरचा फरक, पण छर्रा नळीत सैल बसला की हवा बाजूने निसटते, रायफलिंग, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचा, छर्ऱ्याला नीट पकडत नाही, आणि वीस यार्डांवर पाच छर्रे पाच दिशांना.

आता माझा मनस्ताप ऐका. एका मोठ्या दुकानाच्या यादीत ५.६ चे छर्रे दिसले, मागवले, आले ते ५.५ चे. फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणतो दोन्ही एकच. मी म्हटलं एकच असतील तर तुम्ही यादीत दोन वेगवेगळे का लावलेत? त्यावर त्याच्याकडे उत्तर नाही. परत पाठवा म्हणाले, पाठवले, मग वाट, मग पुन्हा तेच ५.५, नुसतं लेबल वेगळं. मेल केला की "विभागाकडे पाठवलं आहे". कोणता विभाग, डब्यावरचा स्टिकर वाचायला विभाग लागतो? दुसऱ्या एका दुकानात हेड साइझ विचारली, म्हणजे छर्ऱ्याच्या डोक्याचं माप, तर काउंटरवरच्या पोराने मलाच विचारलं ते काय असतं. तिसऱ्याने सांगितलं की स्टॉक आला की कळवतो. अजून कळवतोय.

आणि खरं सांगतो, माहिती डब्यावरच असते हो! जेएसबी कंपनीच्या डब्यावर ५.५१, ५.५२, ५.५३ असं लिहिलेलं असतं, एच अँड एन कंपनीच्या फील्ड टार्गेट ट्रॉफी या छर्ऱ्यांवरही हेड साइझ छापलेली असते आणि त्या ५.५५ पर्यंत मिळतात. विकणाऱ्याने तेवढा एक आकडा यादीत टाकला तर माझ्यासारख्यांचे महिने वाचतील. हे काम कुणालाच का करावंसं वाटत नाही हे मला आजही कळलेलं नाही.

मध्ये एका जत्रेसारख्या आर्म्स फेअरला जुन्या वास्पचा अर्धा डबा मिळाला, ५.६ चा. आनंद झाला, पण आत बरेच छर्रे पांढरे पडलेले. शिसं जुनं झालं की अशी पांढरी पावडर धरते, ती विषारी, असे छर्रे नळीत घालू नका आणि फुंकर तर मुळीच मारू नका. जे चांगले निघाले ते मात्र असे बसले की काय सांगू, गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा झुबका, एकदम आवळला. तेव्हा खात्री पटली की रायफलीत दोष नाहीये, मापात आहे. पण वास्प आता बनत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

शेवटी सुटलं ते नमुन्याच्या पाकिटांनी. काही ठिकाणी थोडे थोडे छर्रे वेगवेगळ्या हेड साइझचे एकत्र मिळतात, आधी ते घ्या, पूर्ण डबा नंतर. माझ्या वेबलीने ५.५५ ची फील्ड टार्गेट ट्रॉफी पसंत केली, १४.६६ ग्रेनची (ग्रेन म्हणजे छर्ऱ्याच्या वजनाचं एकक), आणि पाच छर्रे एका पौंडाच्या नाण्याखाली झाकले गेले तेव्हा मी क्लबात मोठ्याने ओरडलो. दुसऱ्या नंबरवर आरडब्ल्यूएस सुपरडोम, १४.५ ग्रेन, डोकं लहान असूनही, कारण त्याचा मागचा स्कर्ट, म्हणजे पोकळ घेर, पातळ आणि मऊ, हवेच्या दाबाने फुलतो आणि नळी भरतो. तुमच्याकडे बीएसए मीटिओरसारखी मोडून भरायची रायफल असेल तर तुमचं सोपं आहे, अंगठ्याने छर्रा ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, दाबून बघा, हलका अडून बसला तर बरोबर, आपोआप आत घसरला तर लहान. आमच्या वेबलीसारख्या टॅपवाल्या रायफलीत, म्हणजे जिथे छर्रा नळीमागच्या फिरत्या खुंटीच्या भोकात टाकतात, तो अंगठा लावताच येत नाही, म्हणून कागदावर गट बघणं हाच उपाय.

टॅपवरून आठवलं, छर्रा टाकल्यावर पूर्ण आत गेलाय ना बघा, स्कर्ट वर राहिला तर टॅप फिरवताना तो कापला जातो. बंद केल्यावर नळीचं तोंड जरा खाली करा म्हणजे छर्रा पुढे सरकतो. काही जुने लोक बॉलपेनचं टोक फिरवून स्कर्ट थोडा फुलवून घेतात, मीही सुपरडोमवर केलं, फरक पडतो, पण प्रत्येकाला सारखा दाब पडायला हवा.

जड छर्ऱ्यांच्या मागे लागू नका. कायद्याने इथे एअर रायफलीच्या ताकदीची बिनपरवाना मर्यादा १२ फूट-पाउंड आहे, पण या जुन्या स्प्रिंगा तिथपर्यंत ओढण्याची गरजच नाही. १४.५ ग्रेनचा छर्रा सेकंदाला ५०० फूट गेला तरी ८ फूट-पाउंड होतात, कागदाला आणि डब्यांना भरपूर. १८-२० ग्रेनचे घातले की छर्रा आळसावतो आणि वीस यार्डांतच खाली पडायला लागतो. स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर ३१ डिसेंबर २०१६ पासून एअर रायफलीलाही सर्टिफिकेट लागतं, ते आधी बघा.

आणखी एक, नवीन छर्रा घातला की पहिले काही शॉट मोजू नका, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो, तो बदलायला वेळ लागतो. आणि मनासारखा डबा मिळाला की त्याच बॅचचे अजून दोन-तीन घेऊन ठेवा, कारण पुढच्या बॅचमध्ये माप किंचित सरकतं आणि मग पुन्हा त्या फोनवरच्या माणसाशी बोलावं लागतं.