फियाट आणि अ‍ॅम्बॅसिडर, दोन्ही दारात

साताऱ्याला आमच्या दारात दोन जुन्या गाड्या उभ्या असतात. एक 1984ची प्रीमियर पद्मिनी, जिला घरात सगळे अजून फियाटच म्हणतात, आणि दुसरी अ‍ॅम्बॅसिडर मार्क फोर. दोन्ही पेट्रोलच्या. यातली चांगली कोणती, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, गाडीत माणसं किती बसणार?

पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढायला लागलं की उत्तर मिळतं. फियाटचं इंजिन 1089 सीसीचं, गाडी हलकी. दोघंच असलो तर ती तिसऱ्या गिअरवर मजेत चढते. पाच माणसं आणि भरलेली डिकी असली की लगेच दुसरा टाकावा लागतो. अ‍ॅम्बॅसिडरचं 1489 सीसी, त्यामुळे तेवढंच ओझं ती शांतपणे ओढते. आईला तीच हवी असते, मागे पाय पसरून बसता येतं म्हणून. पण एकट्याने कास पठारावर जायचं, तर मी फियाटचीच किल्ली उचलतो. त्या अरुंद वळणांवर ती हातात राहते. उतारावर मात्र दोघींना सारखंच जपावं लागतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, ते तापले की पकड कमी होते, म्हणून गाडी गिअरवरच रोखायची.

फियाटला उन्हाळा सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये घाट चढून थांबलं की इंजिनजवळच्या फ्युएल पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी सुरू होत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवायचं, थोडं थांबायचं. गाडीत पाण्याची बाटली आणि फडकं कायम असतं.

देखभालीतलं माझं आवडतं काम म्हणजे अ‍ॅम्बॅसिडरचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं. आठ व्हॉल्व्ह, हिशेब नवाचा. पहिला पूर्ण दाबला गेला की आठवा सेट करायचा, तिसरा दाबला की सहावा. बेरीज नऊच. गॅप 15 थाऊ, म्हणजे इंचाचे 15 हजारांश. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, किंचित अडखळत सरकली पाहिजे. मग कार्बोरेटरच्या डॅशपॉटात, म्हणजे वरच्या नळकांड्यात, थोडं ऑइल. फियाटला किंगपिनचं, म्हणजे पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिचं, ग्रीसिंग चुकवून चालत नाही. चाक जॅकवर उचलून, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारायची. नाहीतर स्टिअरिंग जड होतं.

खर्च फियाटचा कमी, पण काळजी तिचीच जास्त वाटते. मुंबईच्या टॅक्स्यांमुळे तिचे पार्ट सहज मिळायचे. 2023च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हापासून मी दिसेल तो पार्ट घेऊन ठेवतो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर खराब करतं, म्हणून दोन्ही गाड्यांचे जुने रबरी पाइप बदलून घेतले.

यातली एखादी घेणार असाल तर बॉनेट नंतर उघडा. आधी मॅट उचला, दाराखालचा पत्रा बोटाने दाबून बघा. इंजिन जुना मिस्त्री उभं करून देतो. पण पत्रा कुजला असेल, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.