लाजर आधी उठला, मग ख्रिस्त ‘प्रथमफळ’ कसा?

आमच्या मंडळीत दफनविधीच्या वेळी करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचतात, आणि स्मशानभूमीतून परतताना कोणी ना कोणी मला विसाव्या वचनाविषयी विचारतेच. ख्रिस्त मेलेल्यांतून उठवला गेला आहे आणि तो महानिद्रा घेणाऱ्यांतले, म्हणजे मेलेल्यांतले, प्रथमफळ आहे, असे प्रेषित पौल तिथे म्हणतो. पण येशूनेच उठवलेला लाजर तर त्याच्याही आधी कबरेतून बाहेर आला होता. नाईन गावच्या विधवेचा मुलगा तिरडीवर उठून बसला होता. एलीया आणि अलीशा या संदेष्ट्यांच्या काळातही मेलेली मुले आयांच्या हाती परत दिली गेली होती. मग ख्रिस्त ‘प्रथम’ कसा? अलीकडे हे विचारले ते नुकतीच आपल्या पतीला माती देऊन आलेल्या एका ताईंनी. त्यांना या शब्दाचा आपल्या माणसाशी काय संबंध आहे, हे जाणून घ्यायचे होते. उत्तर नीट द्यायचे तर आधी शेतात जावे लागते, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

‘प्रथम’ म्हटले की आपण मराठीत लगेच क्रमांक मोजू लागतो, आणि अडचण तिथेच सुरू होते. पौलाने वापरलेला ग्रीक शब्द ‘अपार्खे’ हा अर्पणाचा शब्द आहे: पिकातला जो पहिला भाग देवाचा म्हणून वेगळा काढला जातो, तो. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात त्याचा विधी सांगितला आहे. हंगामाची पहिली पेंढी याजकाकडे आणायची आणि शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवसाच्या, दुसऱ्या दिवशी त्याने ती परमेश्वरासमोर ओवाळायची. त्या दिवसापर्यंत नव्या पिकाची भाकरी, हुरडा किंवा हिरवी कणसे, काहीही खायचे नाही. नवे धान्य देवाला दाखवल्यावाचून तोंडात घालू नये, हा नियम आपल्याकडे नवान्न करणाऱ्या घरांना समजावून सांगावा लागत नाही. गोव्यात राय गावच्या चर्चमध्ये 5 ऑगस्टला कणसांचे फेस्त होते, तेव्हा पहिली कणसे कापून आशीर्वादित करतात, तीही याच जाणिवेने.

ही पेंढी सातूची असे, कारण त्या देशात गव्हाच्या आधी सातू पिकतो. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये, म्हणजे यहुद्यांच्या मौखिक नियमांच्या संग्रहात, तिच्या कापणीचे वर्णन आहे, आणि ते वाचताना मी प्रत्येक वेळी थांबतो. सणाच्या आदल्या दिवशी न्यायसभेचे लोक शेतात जाऊन उभ्या पिकाच्या पेंढ्या बांधून ठेवत. मुळे जमिनीतच असत, पण कोणती ताटे देवाची हे ठरून गेलेले असे. संध्याकाळी आसपासच्या गावांतले लोक जमत. कापणारा विचारी, ‘सूर्य मावळला का?’ लोक म्हणत, ‘हो.’ ‘हाच विळा?’ ‘हो.’ ‘हीच टोपली?’ ‘हो.’ ‘कापू का?’ ‘काप.’ प्रत्येक प्रश्न तीनदा विचारला जाई आणि तीनदा उत्तर मिळे. मग ते सातू मळून, भाजून, भरडून, तेरा चाळण्यांतून चाळून एफा या धान्याच्या मापाचा दहावा भाग पीठ घेत आणि ते अर्पण करत. मिश्ना पुढे सांगते की अर्पण झाल्यावर लोक बाहेर येत, तेव्हा यरुशलेमचा बाजार नव्या पिठाने आणि नव्या भाजलेल्या धान्याने भरलेला असे.

माझ्या दृष्टीने सारा अर्थ त्या बाजारात आहे. एक पेंढी देवापुढे गेली आणि उरलेले सगळे पीक मोकळे झाले. तिचे महत्त्व ती आधी कापली एवढ्यावरून ठरत नव्हते. ती त्याच शेतातली, त्याच बियाण्याची होती, आणि तिच्या स्वीकारात साऱ्या पिकाचा स्वीकार होता. पौलाने रोमकरांस हेच पिठाच्या गोळ्याविषयी लिहिले आहे: पहिला उंडा पवित्र, तर सगळा गोळा पवित्र.

आता लाजराकडे या. तो उठला तो हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेल्या अवस्थेत, इतरांनी त्याला मोकळे केले, आणि तो परतला तो याच मर्त्य आयुष्यात. मुख्य याजकांनी त्याला मारण्याचा बेत केल्याचे योहान लिहितो. ख्रिस्ताच्या कबरेत तागाची वस्त्रे मागेच पडून होती, आणि पौलाच्या शब्दांत त्याच्यावर मरणाची पुन्हा सत्ता चालत नाही. लाजराचे उठणे ही मोठी दया होती, पण तिने शेत मोकळे झाले नाही.

काळाचा मेळही पाहण्याजोगा आहे. ‘शब्बाथाचा दुसरा दिवस’ कोणता, यावर परूशी आणि सदूकी या यहुदी पंथांत वाद होता: परूशी वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या स्मरणाच्या, सणाचा पहिला दिवस हाच शब्बाथ धरून निसान या यहुदी महिन्याची 16 तारीख मानत, तर सदूकी आठवड्याच्या शब्बाथानंतरचा रविवार मानत. योहानाच्या शुभवर्तमानाची कालगणना धरली, तर त्या वर्षी दोन्ही हिशेब एकाच दिवशी येतात, आणि तो दिवस पुनरुत्थानाचा रविवार ठरतो. पौल ही गणिते मांडत नाही. तरी याच पत्रात तो ख्रिस्ताला आपला वल्हांडण म्हणतो, पुढे प्रथमफळ म्हणतो, आणि शेवटी पेन्टेकॉस्टपर्यंत इफिसात राहणार असल्याचे कळवतो. हे लिहिताना सणांचा क्रम त्याच्या मनात होता, असे मला ठामपणे वाटते.

पेन्टेकॉस्ट म्हणजे त्या पेंढीपासूनचा पन्नासावा दिवस. त्या दिवशी नव्या गव्हाच्या दोन भाकरी ओवाळत, आणि त्या खमीर घालून भाजलेल्या असाव्यात अशी आज्ञा होती. ज्या सणमालेची सुरुवात बेखमीर भाकरीने होते, तिच्या शेवटी खमिराची भाकरी देवापुढे येते. त्याच दिवशी पवित्र आत्मा उतरला आणि सुमारे तीन हजार माणसे मंडळीत आली. आपल्यासारखीच, दोषांचे खमीर असलेली. पौल करिंथच्या स्तेफनाच्या घराण्याला अखया प्रांताचे प्रथमफळ म्हणतो, ते याच अर्थाने.

प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायातल्या 1,44,000 जणांविषयीही मला पुष्कळदा विचारतात. तारण पावणारे तेवढेच, असे कोणीतरी त्यांना सांगितलेले असते. ते कोण, याविषयी मतभेद आहेत आणि त्यांत मी इथे शिरत नाही. पण त्यांना ‘देवासाठी व कोकऱ्यासाठी प्रथमफळ’ म्हटले आहे, आणि पेंढीनंतर पीक यायचे नसेल तर तिला प्रथमफळ म्हणताच येणार नाही. त्याच अध्यायात पुढे पृथ्वीचे पीक पिकल्याची हाक येते, आणि सातव्या अध्यायात या संख्येपाठोपाठ कोणाला मोजता न येणारा लोकसमुदाय उभा असलेला दिसतो.

त्या ताईंना मी यातले थोडेच सांगितले होते. करिंथकरांच्या त्याच पंधराव्या अध्यायातले तेविसावे वचन वाचून दाखवले, त्यात क्रम दिला आहे: प्रथमफळ ख्रिस्त, मग त्याच्या आगमनाच्या वेळी जे त्याचे आहेत ते. त्यांनी विचारले, या दोन्हींच्या मध्ये किती दिवस? इस्राएलाला पेंढीपासून पन्नास दिवस मोजायला सांगितले होते. इथे पौलाने आकडा दिलेला नाही, फक्त ‘मग’ म्हटले आहे. त्यांनी मला ते वचन पुन्हा वाचायला सांगितले, आणि मी ‘मग’पासून वाचले.