गोठलेल्या तळ्यावरचा शेजारधर्म

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात नोव्हेंबर-डिसेंबरात तळी गोठतात आणि त्यांच्यावर वस्ती उभी राहते. मिल लॅक्ससारख्या १ लाख ३२ हजार एकरांच्या तळ्यावर तर रीतसर रस्ते पडतात. किनाऱ्यावरची रिसॉर्टं ट्रॅक्टरने बर्फ सारून वाट करतात, मोठ्या भेगांवर पूल टाकतात आणि गाडीमागे ठरावीक पैसे घेतात. त्या वाटांच्या दोन्ही अंगांना मासेमारीची घरं: कापडी तंबू, लाकडी खोपटी, आणि बंक, शेगडी, टीव्ही सगळं असलेली चाकांवरची घरंसुद्धा. प्रत्येकाच्या जमिनीत, म्हणजे बर्फात, हातभर खोल गोल भोकं आणि त्यांत सोडलेले गळ. मार्च उजाडला की सगळं उचलायचं. राज्याच्या दक्षिण भागात आधी आणि उत्तर भागात दोन आठवड्यांनी, अशी तारीखच ठरलेली असते.

मला या वस्तीचं सगळ्यात मोठं अप्रूप वाटतं ते एका गोष्टीचं. इथे कुणाच्याच नावावर सातबारा नाही. तळं सार्वजनिक आहे. किनाऱ्यावर कोट्यवधींचा बंगला असला तरी समोरचा बर्फ त्या मालकाचा होत नाही. तुम्ही सार्वजनिक धक्क्यावरून तळ्यावर उतरलात, कुणाच्या आवारातून गेला नाहीत, की कुठेही बसायचा हक्क तुमचा. अंतराबद्दल कायदा एवढंच म्हणतो की उभ्या असलेल्या घरापासून १० फुटांच्या आत दुसरं घर टाकू नये. दहा फूट म्हणजे आपल्या चाळीतल्या खोलीची रुंदी. तेवढ्या अंतरावर येऊन कुणी तंबू ठोकला, तर मासेमारीवर देखरेख करणारा सरकारी वॉर्डन काही करू शकणार नाही, पण त्या माणसाशी पुढे कुणी धड बोलणार नाही. बाकीचं सगळं रीतीवर चालतं, आणि ती रीत कुठे लिहून ठेवलेली नाही.

आमच्या घराजवळचं मेडिसिन लेक हे मिनिआपोलिसच्या प्लीमथ उपनगरातलं तळं. ऑफिस सुटल्यावर लोक तासाभरासाठी येतात, शनिवारी मुलाबाळांना घेऊन येतात. रीत शिकायला अशी गजबजलेली जागा बरी. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेले, तेव्हा धक्क्यावरून उतरल्यावर ते लगेच सामान टाकायला धावले नाहीत. आधी थांबले आणि सगळीकडे नजर फिरवली. कोण कुठे बसलंय, कुणाचं तोंड कुठल्या दिशेला, कुणाच्या झेंड्या कुठवर पसरल्यात. झेंड्या म्हणजे टिप-अप. भोकावर ठेवायचं हे एक साधं यंत्र, खाली माशाने आमिष ओढलं की वर नारिंगी झेंडी टण्णकन उभी राहते. माणूस तंबूत बसलेला असतो आणि त्याची झेंडी पन्नास पावलांवर असते, म्हणून त्याची जागा तंबूपुरती धरून चालत नाही. तंबू आणि झेंडी यांच्यामधून स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, काढणं हा इथे मोठा उद्धटपणा समजतात. परक्या झेंडीला हात लावायचा नाही, पण ती उभी राहिलेली दिसली आणि मालकाचं लक्ष नसलं, तर "फ्लॅग!" म्हणून ओरडायचं. सगळे ओरडतात. अनोळखी माणसाचा मासा सुटू नये म्हणून अख्खं तळं ओरडतं, हे मला फार आवडतं.

जवळ बसायचंच असेल तर विचारायचं. भोक पाडण्याआधी, हातातलं ऑगर, म्हणजे बर्फात भोक पाडायचं गिरमिट, खाली ठेवून, चार पावलं अलीकडून: "इथे बसलो तर तुम्हाला चालेल ना?" नकार सहसा येत नाही. उलट समोरचा सांगतो की तिकडे खडकाळ उंचवटा आहे, त्याच्या उताराला बस, बावीस फूट खोलीवर. न विचारता आलेल्याला हे कुणी सांगत नाही.

या अंतरामागे नुसता एकलकोंडेपणा असावा असं लांबून वाटतं, पण त्याला पाण्याखालची कारणं आहेत. बर्फातून आवाज लांब जातो. आठ फूट खोल पाण्यावर, वर भुसभुशीत हिमाचा थर नसलेल्या स्वच्छ काचेसारख्या बर्फावर बूट आपटले तरी खालचे मासे पांगतात. मग पेट्रोलच्या ऑगरची गोष्टच सोडा. त्यातही वेळेचा प्रश्न आहे. वॉलआय हा मिनेसोटाचा राज्यमासा. त्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे इतर माशांना धड दिसत नाही अशा अंधूक उजेडात तो शिकार करतो. जानेवारीत सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. त्याच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास हाच खरा खाण्याचा वेळ. ज्याला संध्याकाळची मासेमारी करायची आहे त्याने साडेतीनपर्यंत भोकं पाडून, घर लावून, शांत बसलेलं असावं. पावणेपाचला गाडी घेऊन येऊन, हेडलाइट फिरवत, दहा भोकं धडाधड पाडणाऱ्याने स्वतःचाच नाही, आजूबाजूच्या वीस जणांचा दिवस घालवलेला असतो. ही एकच गोष्ट अशी आहे जिच्यावरून मी शांत मिनेसोटाकरांना आवाज चढवताना पाहिलंय.

गेल्या काही वर्षांत यात यंत्रांची भर पडली. बहुतेकांकडे फ्लॅशर असतो, ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं एक गोल तोंडाचं यंत्र. त्यावर तळ म्हणजे जाड लाल पट्टी, तुमचं आमिष म्हणजे बारीक हिरवी रेघ, आणि मासा जवळ आला की आणखी एक रेघ उमटते, हिरव्याची नारिंगी होते, नारिंगीची लाल होते. रंग बदलताना पाहून हात आपोआप स्थिर होतो. पण दोन फ्लॅशर फार जवळ आले की एकाचे ध्वनी दुसऱ्याला ऐकू जातात आणि पडदाभर खोट्या रेघा नाचायला लागतात. यंत्रावर ते कमी करायचं बटण असतं. शेजारी बसलेले दोघं जण आळीपाळीने बटण दाबून जुळवून घेतात, आणि त्यावरूनच ओळख होते. तंबूतून आवाज येतो, "आता दिसतंय का नीट?" आणि पलीकडच्या तंबूतून उत्तर.

आता जागा सांगण्याबद्दल. इथल्या रीतीचा सगळ्यात नाजूक भाग हाच आहे आणि आपल्याकडच्या माणसाला तो आधी खटकतो. मी मालवणची. आमच्याकडे रापण ओढताना दोराला हात लावणाऱ्याचा वाटा असतो. जाळं होडीतून अर्धगोल सोडतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून अख्खा वाडा ओढतो, आणि पेडवे-बांगडे वाळूवर आले की वाटे पडतात. मासा सगळ्यांचा, म्हणून जागाही सगळ्यांना ठाऊक. इथे मासा ज्याच्या त्याच्या गळाचा आहे, आणि ती जागा शोधायला त्या माणसाने कित्येक थंड दिवस घालवलेले असतात. म्हणून "काही लागतंय का?" हे विचारायला हरकत नाही, "कुठे लागतंय?" हे विचारायचं नाही. कुणी स्वतःहून सांगितलं तर ते तुमच्यापुरतं. ज्याने दाखवलं त्याला न विचारता तिसऱ्याला तिथे न्यायचं नाही. पुढच्या आठवड्यात एकट्याने जायचं असेल तरी त्याला एक फोन करायचा.

ही गुप्तता कंजूषपणाची नाही, हे मला क्रॅपी नावाच्या माशामुळे पटलं. हिवाळ्यात क्रॅपी तळ्यातल्या खोल खड्ड्यांवर मोठ्या थव्याने एकत्र येतात. लहान तळ्यात असा एखादाच खड्डा असतो. त्याचं ठिकाण फोटोसकट इंटरनेटवर पडलं की पुढच्या शनिवारी तिथे शंभर माणसं. राज्याची सर्वसाधारण मर्यादा माणशी दहा क्रॅपी. सगळ्यांनी नियम पाळला तरी थोड्याच आठवड्यांत त्या तळ्यातले चांगले मासे संपतात. आणि खोलातून पटकन वर ओढलेल्या माशाच्या पोटातला हवेचा फुगा फुगतो, त्याला परत सोडलं तरी तो अनेकदा जगत नाही. म्हणजे "मी तर सोडून देतो" हे म्हणणंही तिथे उपयोगाचं नाही. पुरेसे मिळाले की गळ गुंडाळून उठणं हाच उपाय. ब्लूगिल या दुसऱ्या माशाचंही असंच. तळहाताएवढा ब्लूगिल व्हायला कितीतरी वर्षं लागतात, आणि ते मोठे नरच घरट्याची राखण करणारे असतात. म्हणून राज्याच्या डीएनआर, म्हणजे नैसर्गिक संसाधनांच्या, खात्याने अनेक तळ्यांवर वीसची मर्यादा दहावर किंवा पाचवर आणली आहे. फोटो काढताना मागचा किनारा, पाण्याची टाकी, ओळखीचा बंगला येऊ द्यायचा नाही ही काळजी त्यातूनच आलेली. मी फोटो टाकते तेव्हा मासा आणि हात एवढंच ठेवते, तळ्याचं नावही लिहीत नाही.

माशाची जागा लपवता येते. पातळ बर्फाची जागा मात्र कुणीही, कुणापासूनही लपवत नाही. माझ्या मते या सगळ्या रीतीचा कणा हा आहे. ज्याने तुम्हाला क्रॅपीचा खड्डा जन्मात सांगितला नसता, तो स्वतःची गाडी थांबवून, काच खाली करून सांगतो की त्या टोकाजवळ झऱ्याचं पाणी आहे, तिकडे जाऊ नका. परतणारा माणूस येणाऱ्याला बर्फाची जाडी सांगतो, आणि ती नुसती "ठीक आहे" अशी सांगत नाही. इंचात सांगतो, आणि कुठे मोजली तेही सांगतो. डीएनआरचा हिशोब सगळ्यांना तोंडपाठ असतो: चालायला निदान ४ इंच, स्नोमोबिलला ५ ते ७, लहान मोटारीला ९ ते १०, मध्यम ट्रकला १३. हे सगळं नव्या, स्वच्छ बर्फाचं. पांढरट, पडलेलं हिम गोठून झालेल्या थरासाठी दुप्पट धरायचं. लोक पुढे चालताना लोखंडी पहार आपटत जातात आणि गळ्यात दोन टोकदार सळ्यांची जोडी अडकवतात. पाण्यात पडलो तर त्या बर्फात रुतवून स्वतःला बाहेर ओढता यावं म्हणून.

राज्याच्या उत्तरेकडच्या अप्पर रेड लेक या तळ्यावर काय होऊ शकतं हे दोन वेळा दिसलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथला बर्फाचा मोठा पट्टा किनाऱ्यापासून सुटला आणि सुमारे २०० माणसं त्यावर अडकली. अरुंद जागा शोधून तात्पुरता पूल टाकून त्यांना काढावं लागलं. पुढच्या वर्षी डिसेंबरअखेर पुन्हा तेच, शंभराहून जास्त माणसं. तो २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटातल्या सगळ्यात उबदार हिवाळ्यांपैकी एक होता. अशा हिवाळ्यात जुन्या अंदाजांवर विसंबता येत नाही आणि शेजाऱ्याचा शब्द जास्त मोलाचा होतो.

याच तळ्यावर आणखी एक सीमा आहे, डोळ्यांना न दिसणारी. अप्पर रेडचा पश्चिमेचा भाग आणि त्याला जोडलेलं सगळं लोअर रेड तळं हे रेड लेक ओजिब्वे या मूळनिवासी राष्ट्राचं आहे. त्या राष्ट्राच्या परवानगीशिवाय तिथे बाहेरच्यांनी गळ टाकायचा नाही. बर्फावर कुंपण नसतं, म्हणून लोक जीपीएसवर रेघ पाहून बसतात, आणि शहाणी माणसं त्या रेघेपासून बऱ्यापैकी अलीकडेच बसतात. या पाण्यातला वॉलआय १९९० च्या दशकात अतिमासेमारीने जवळजवळ संपला होता. १९९९ मध्ये वॉलआयची मासेमारी बंद केली गेली, राष्ट्राने आपली व्यावसायिक जाळी तर त्याआधीच थांबवली होती. राज्य आणि राष्ट्र दोघांनी मिळून मासा पुन्हा वाढवला आणि २००६ मध्ये तळं परत खुलं झालं. आज तिथे गळाला जे लागतं ते त्या सात वर्षांच्या संयमाचं आहे, आणि त्या रेघेला मान देणं हा मला सगळ्यात मोठा शेजारधर्म वाटतो.

उठून जाताना काय मागे राहतं तेही बघावं लागतं. घर बर्फात चिकटून गोठू नये म्हणून खाली लाकडी ठोकळे ठेवतात. ते ठोकळे तसेच टाकून गेलं की पुढच्या माणसाची स्नोमोबिल त्यांवर आदळते आणि उन्हाळ्यात ते तळ्यात तरंगतात. भाल्याने पाइक मासा मारणाऱ्यांची चौकोनी भोकं तर माणूस आत जाईल एवढी असतात. ती सोडताना भोवती फांद्या रोवून खूण करतात. सिगारेटची थोटकं, डबे, शौचालयाची घाण बर्फावर ठेवू नये यासाठी २०२३ पासून वेगळा कायदाही झाला.

या हिवाळ्यात इकडे कुणी येणार असेल आणि बर्फावर बसून बघायचं असेल, तर आधी परवाना काढा. बाहेरून आलेल्यांना २४ तासांचाही मिळतो. मग तळ्याजवळच्या आमिषाच्या दुकानात जा. बर्फाची ताजी खबर तिथेच मिळते. आधी डझनभर मिनो, म्हणजे आमिषाचे छोटे मासे, घ्या आणि मगच बर्फाबद्दल विचारा, कारण तो दुकानदार दिवसभर शेकडो जणांना फुकट माहिती देत असतो आणि त्याचं पोट त्या मिनोंवर आहे. मिनेसोटात हिवाळ्यात माणशी दोन गळ चालतात. सुरुवातीला गर्दीपासून जरा बाजूला बसा, शेजाऱ्याला हात करा, आणि त्याची झेंडी उभी राहिली तर जोरात ओरडा.